भुसावळच्या दफनभूमीतील पणजोबांची नोंद आणि तारीख नसलेले एक कात्रण

प्रश्न : गिरणाकाठ, चाळीसगाव

सर्वांना नमस्कार. माझ्या आईच्या आईचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, भुसावळला जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या लोको, म्हणजे इंजिनांच्या, खात्यात नोकरीला होते आणि तेथेच वारले, एवढे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. पणजोबांचे घराणे मूळचे अहमदनगरकडचे, तेथील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले (मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद). रेल्वेत नोकरी मिळाली म्हणून पणजोबा खानदेशात आले आणि त्यांच्या मृत्यूनंतर पणजी मुलांना घेऊन पुन्हा नगरकडे निघून गेल्या. ते मानमोडीच्या, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या, साथीत गेले, असे आजी सांगत असत. त्या वेळी आजी स्वतः तान्ह्या होत्या, त्यामुळे त्यांनाही ही गोष्ट त्यांच्या आईकडूनच कळलेली.

आजींच्या पेटीत दोन कागद निघाले. एक वर्तमानपत्राचे कात्रण आहे. त्यावर तारीख नाही आणि पत्राचे नावही नाही. मजकूर असा : ‘भुसावळ येथील लोको खात्यातील आपले बंधू’, पुढे पणजोबांचे नाव, ‘हे अल्प आजाराने प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. त्यांच्या मागे पत्नी, दोन मुलगे व एक तान्ही मुलगी आहे. मंडळी त्यांच्या दुःखात सहभागी आहे.’ दुसरा कागद आजींच्या बाप्तिस्म्याचा दाखला आहे. त्यावर १९१७ हे साल स्पष्ट वाचता येते, परंतु दिवस आणि महिना असलेला कोपरा कसरीने खाल्ला आहे.

भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत मी जाऊन आले. रेल्वेतील युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या जुन्या कबरींवर दगड आहेत, काहींवरची अक्षरे अजून वाचता येतात. मराठी ख्रिस्ती माणसांच्या त्या काळातील कबरींवर मात्र फारसे काही शिल्लक दिसले नाही. पणजोबांच्या नावाचा दगड मिळाला नाही. त्यांच्या दफनाची नोंद कोणत्या रजिस्टरमध्ये असू शकेल, ते रजिस्टर आज कोणाकडे असेल आणि या कात्रणाची तारीख ठरवण्याचा काही मार्ग आहे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. माझी आई आज नव्वदीच्या जवळ आहे. आपल्या आजोबांना कोठे ठेवले, हे तिला कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उत्तर : वाघूर, भुसावळ

ताई, नमस्कार. तुमच्याजवळ जे दोन कागद आहेत ते पुष्कळांजवळ नसतात, त्यामुळे निराश होण्याचे कारण नाही. दगड नाही म्हणजे नोंद नाही, असे मुळीच समजू नका. दगड बसवणे हा कुटुंबाच्या ऐपतीचा प्रश्न होता आणि तुमच्या पणजी तर लवकरच गाव सोडून गेल्या. तशा कबरीवर बहुधा लाकडी क्रूस लावत आणि तो काही पावसाळ्यांनंतर राहत नसे. नोंद ठेवणे हे मात्र कोणाचे तरी कर्तव्य होते. म्हणून शोध नावापासून सुरू न करता एका साध्या प्रश्नापासून करावा : हा मृत्यू लिहून ठेवण्यास त्या वेळी कोणकोण बांधील होते?

भुसावळपुरते याचे उत्तर जरा गुंतागुंतीचे आहे, कारण हे गाव रेल्वेमुळे वाढले. १८६७ मध्ये नागपूरचा मार्ग पूर्ण झाला, १८७० मध्ये जबलपूरकडचा मार्ग जोडला गेला, आणि मग इंजिनशेडच्या आधाराने युरोपीय, अँग्लो-इंडियन, गोव्याचे कॅथलिक, नगरकडचे मराठी ख्रिस्ती असे वेगवेगळ्या मंडळ्यांचे लोक येथे येऊन राहिले. त्यामुळे एकाच गावात ख्रिस्ती दफनांची रजिस्टरे निदान तीन प्रकारची संभवतात. पहिले चर्च ऑफ इंग्लंडच्या चॅप्लेनचे, म्हणजे नेमलेल्या धर्मगुरूचे. दुसरे कॅथलिक धर्मग्रामाचे (पॅरिशचे). तिसरे मराठी मंडळीचे, जे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, स्वतः लिहीत असत.

चॅप्लेनच्या रजिस्टरच्या प्रती ठरावीक मुदतीने मुंबईला पाठवल्या जात आणि तेथून लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन’ मालिकेत आहेत, आणि मुंबई इलाख्याच्या प्रती ‘एन/३’ या क्रमांकाखाली लावलेल्या आहेत. त्यांत मृत्यूचा दिवस, दफनाचा दिवस, नाव, वय, हुद्दा, बहुतेक वेळा मृत्यूचे कारण आणि विधी करणाऱ्याची सही असते. त्यांतील पुष्कळ नावांच्या सूची घरबसल्या पाहता येतात. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ या संस्थेच्या संकेतस्थळावरील शोध विनामूल्य आहे. तरीही तुम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या प्रती मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या आहेत. देशी ख्रिस्ती माणसांची नावे त्यांत येतात, पण तुरळक. म्हणून तेथे पाहावे जरूर, परंतु तेथे नाव सापडले नाही यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

तेथे शोधताना आडनावाच्या इंग्रजी रूपाकडे विशेष लक्ष द्यावे. आपली आडनावे त्या काळी ऐकून लिहिली जात. गायकवाड हे आडनाव ‘गायकवार’, ‘गाइकोवार’ अशा रूपांत जुन्या इंग्रजी कागदांत आढळते. शिवाय मराठी ख्रिस्ती माणसाचे नाव कधी आडनावाशिवाय, केवळ स्वतःचे आणि वडिलांचे नाव मिळून लिहिलेले असते. मग सूचीत वडिलांचे नावच आडनावाच्या जागी जाऊन बसते. तुम्ही आडनाव, त्याची बदललेली रूपे आणि वडिलांचे नाव अशा तिन्ही प्रकारांनी शोधून पाहा.

तुमचे घराणे अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणून माझा कल तिसऱ्या रजिस्टरकडे आहे. खानदेशात त्या काळी वेगळी मिशने काम करीत होती. पूर्व खानदेशात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स होते आणि पश्चिमेला नंदुरबार-नवापूरच्या बाजूला स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशन होते. नगरहून भुसावळला आलेले कुटुंब आपल्या मंडळीकडून शिफारसपत्र आणून येथील मंडळीत सामील होत असे. त्यामुळे दफनाची नोंद येथील मराठी मंडळीत असू शकेल आणि सभासदत्वाची नोंद नगरकडच्या मंडळीत. नगरकडचे रजिस्टर मला भुसावळच्या रजिस्टरइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण पणजी परत गेल्या तेव्हा त्या ‘विधवा’ म्हणून तेथे पुन्हा दाखल झाल्या असतील. त्या नोंदीची तारीख मिळाली तर मृत्यू तिच्या आधीचा, एवढे पक्के होईल. नगरकडच्या मिशनची मंडळी पुढे एकीकरणात गेली आणि १९७० पासून उत्तर भारतीय चर्चचा भाग आहे, तर अलायन्सच्या मंडळ्या स्वतंत्र राहिल्या. पत्र कोणाला लिहायचे ते यावरून ठरवावे.

आता कात्रण. त्याची पाठ तुम्ही पाहिली का? कात्रण जपणारा माणूस पुढची बाजू जपतो, पण तारीख ठरवण्यास बहुधा मागची बाजू उपयोगी पडते. मागे जाहिरात असेल, धान्याचे भाव असतील, युद्धाची बातमी असेल, जे काही अर्धवट दिसेल ते जसेच्या तसे येथे लिहावे. ‘आपले बंधू’ आणि ‘मंडळी सहभागी आहे’ ही भाषा सर्वसाधारण साप्ताहिकाची नाही, ख्रिस्ती पत्राची आहे. सर्वांत आधी ‘ज्ञानोदय’ मनात येते. ते १८४२ मध्ये अहमदनगरला याच मिशनने सुरू केले आणि त्यात मराठीबरोबर इंग्रजी मजकूरही असे. तेव्हा पाठीमागे इंग्रजी आहे का, हेही सांगावे.

प्रश्नकर्ती : गिरणाकाठ

आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. कात्रण मी प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात ठेवले होते आणि त्याच्या पाठीचा विचारच कधी मनात आला नव्हता. आता भिंगाखाली पाहिले. पाठीमागे इंग्रजीच मजकूर आहे. दोन्ही कडा कापल्या गेल्यामुळे ओळी अर्धवट आहेत, परंतु ‘वॉर लोन’ हे शब्द दोनदा आणि ‘कॅश सर्टिफिकेट’ हे शब्द एकदा स्वच्छ वाचता येतात.

आणखी एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत आहे. कात्रणात दोन मुलगे म्हटले आहे. आमच्या घरात मात्र आजींचा एकच भाऊ सर्वांना माहीत आहे. दुसऱ्या भावाचे नाव आजींनी कधी घेतले नाही, आणि आईलाही ते ठाऊक नाही. ही छापणाऱ्याची चूक असेल का?

उत्तर : जुने दप्तर, धुळे

ताई, चर्चच्या रजिस्टरांविषयी वर उत्तम लिहिले गेले आहे. मी सरकारी कागदांविषयी लिहितो, कारण मृत्यू लिहून ठेवण्यास बांधील असणारे दुसरे कार्यालय तेच होते आणि ते धर्म पाहत नसे.

खेड्यात जन्म-मृत्यूची नोंद गावकामगारांकडून होत असे. तिलाच लोक आज ‘कोतवाल बुक’ म्हणतात, आणि महसुली भाषेत तो गाव नमुना १४ आहे. त्यात मृत व्यक्तीचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, जात, वय आणि मृत्यूचे कारण असे रकाने असतात. शहरात हे काम नगरपालिकेकडे असे. म्हणून भुसावळच्या बाबतीत प्रथम नगरपालिकेच्या जुन्या मृत्यू-नोंदवहीची चौकशी करावी आणि कोतवाल बुकासाठी तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षात विचारावे. राज्यात २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यावर कुणबी नोंदींच्या शोधासाठी अनेक तालुक्यांत याच वह्या बाहेर निघाल्या आणि त्यांतील पुष्कळ पाने स्कॅन झाली. त्याचा लाभ वंशावळ शोधणाऱ्या प्रत्येकाला होऊ शकतो, मग तो कोणत्याही समाजाचा असो. जुन्या वह्यांत मोडीचा वापर भरपूर आहे. तुम्हाला मोडी येत नसेल तर निदान आपल्या माणसाचे नाव, ‘ख्रिस्ती’ हा शब्द आणि मोडी आकडे कसे दिसतात एवढे एखाद्या जाणकाराकडून लिहून घ्यावे. तेवढ्यावर पाने चाळता येतात, आणि मग नेमके पान वाचण्यासाठी मोडीवाचकाकडे नेता येते.

या वह्यांत बायकांची आणि मुलांची नोंद कशी होते, ते आधीच माहीत असावे. बाईचे स्वतःचे नाव कित्येकदा नसतेच, अमक्याची बायको किंवा अमक्याची आई एवढेच असते. लहान मूल वारले तर ‘मुलगा, नाव नाही’ असे लिहिलेले असते, जरी त्या घरात त्याला हाक मारायला नाव होतेच. हे वाचताना वाईट वाटते, आणि शोधही तेथेच अडतो. म्हणून मुलांचा शोध वडिलांच्या नावाने घ्यावा.

मृत्यूच्या कारणाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. कारणे मोजक्या ठरलेल्या वर्गांत बसवली जात : पटकी, देवी, प्लेग, हगवण, ताप, श्वसनाचे विकार, इजा, आणि उरलेले सर्व ‘इतर’. १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत, तिच्यात हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. तरी रजिस्टरात ती माणसे बहुतेक ‘ताप’ या सदराखालीच गेली आहेत, कारण लिहिणाऱ्याजवळ वेगळे सदर नव्हते. तेव्हा नोंदीत ‘ताप’ दिसला तर आजींची आठवण खोटी ठरत नाही. उलट ‘प्लेग’ दिसला तरी आश्चर्य मानू नये. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग त्या काळातही इलाख्यात अधूनमधून उसळत होता, आणि घरच्या सांगण्यात एका साथीच्या जागी दुसरी, अधिक गाजलेली साथ येऊन बसणे अगदी संभवनीय आहे.

कोणत्या जिल्ह्याच्या दप्तरात पाहावे याविषयी खानदेशातील सर्वांसाठीच एक सूचना करतो, कारण माणसे येथे फार वेळ घालवतात. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे होते. त्या वर्षी पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले आणि पूर्वेचे ठाणे जळगाव झाले. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून निघाला. मालेगाव आणि बागलाण हा भाग १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा खानदेशातून गेला. म्हणजे जळगावच्या माणसाचा १९०६ पूर्वीचा जिल्हा पातळीवरील कागद धुळ्याच्या दप्तरात, आणि नंदुरबारच्या माणसाचा १९९८ पूर्वीचा कागदही धुळ्यातच असू शकतो. तुमचा शोध १९१७ नंतरचा आहे, म्हणून तुम्ही भुसावळ आणि जळगाव एवढ्यावरच लक्ष ठेवावे.

जमीन असलेल्या घराण्यांना आणखी एक भक्कम आधार असतो. खातेदार वारला की वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते आणि त्यावरून फेरफार पडतो. त्या फेरफारात मृत्यूची तारीख आणि सर्व वारसांची नावे एकत्र मिळतात. तुमच्या पणजोबांची नगरकडे वडिलोपार्जित जमीन असेल, तर त्या गावचा १९१८ च्या पुढचा फेरफार अवश्य काढावा. दुसऱ्या मुलाचा प्रश्न तेथे एका ओळीत सुटू शकेल, कारण वारस म्हणून त्या वेळी हयात असलेल्या प्रत्येक मुलाचे नाव लागले असणार.

उत्तर : सातपुडा पायथा, यावल

चर्चा ख्रिस्ती रजिस्टरांची आहे, परंतु दफनाच्या आणि वर्तमानपत्रांतील नोंदींचा प्रश्न इतर समाजांतही तितकाच जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडे लिहितो. आमच्या लेवा समाजात भाटाच्या, म्हणजे वंशावळ लिहून ठेवणाऱ्याच्या, वह्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी आहेत. त्यांतून पिढ्या मिळतात, पण मृत्यूचा नेमका दिवस क्वचितच मिळतो. तो मिळतो छापील कागदात.

खानदेशात वर्तमानपत्रातील जाहिरातीच्या बरोबरीने गंधमुक्तीच्या, म्हणजे मृत्यूनंतर सुतक संपवण्याच्या विधीच्या, पत्रिका महत्त्वाच्या आहेत. घरोघरी जुन्या बाडांत त्या पडलेल्या असतात आणि कोणी त्यांना कागदपत्र मानत नाही. वास्तविक त्यांत मृत्यूचा दिवस, गंधमुक्तीचा दिवस, मूळ गाव, ‘ह. मु.’ (हल्ली मुक्काम) म्हणून राहते गाव, आणि शोकाकुल म्हणून मुले, पुतणे, नातू, व्याही यांची नावे नात्यासकट छापलेली असतात. ‘ह. मु.’ च्या पुढचे गाव पाहावे. माणूस कोठे जाऊन राहिला होता ते तेथे कळते, आणि मग त्या गावच्या दप्तरात शोधता येते. वर्तमानपत्रातील निधनवार्तेत ‘त्यांच्या पश्चात’ म्हणून जो परिवार सांगितलेला असतो तो त्या दिवशी हयात असलेल्यांचाच असतो. जे आधी गेले त्यांचे नाव तेथे नसते. त्यावरून वंशावळ पूर्ण झाली असे समजणारे पुष्कळ भेटतात.

जुन्या वर्तमानपत्रांत केवळ निधनवार्ता पाहून थांबू नये. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ प्रमाणे वारस दाखला देण्यापूर्वी न्यायालय हरकती मागवण्यासाठी जाहीरनामा काढते. अशा जाहीर नोटिशींत मृताचे पूर्ण नाव, मृत्यूचा दिवस आणि अर्जदाराचे नाते एकत्र येते. जेथे निधनवार्ता छापण्याची रीत नव्हती त्या घरांचीही नोटीस सापडते, कारण वाटणी सर्वांनाच करावी लागते. जुन्या अंकांसाठी जळगावचे व. वा. वाचनालय आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ येथे आधी पत्राने विचारावे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी हे मंडळ उभे राहिले. खानदेशच्या इतिहासाची कळकळ असलेली माणसे तेथे भेटतात.

उत्तर : वाघूर, भुसावळ

ताई, कात्रणाच्या पाठीने फार मोठे काम केले आहे. पहिल्या महायुद्धासाठी हिंदुस्थान सरकारने १९१७ आणि १९१८ या दोन वर्षांत युद्धकर्जे उभारली, आणि पोस्टाची कॅश सर्टिफिकेटे १९१७ मध्येच निघाली. ही दोन्ही नावे एका पानावर आली आहेत, म्हणजे तो अंक १९१७ च्या वसंतापासून १९१८ च्या अखेरीपर्यंतच्या काळातला असण्याची शक्यता फार मोठी. आजींचा बाप्तिस्मा १९१७ चा आणि कात्रणात त्या ‘तान्ही मुलगी’. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत. भाषा ख्रिस्ती पत्राची आणि पाठीमागे इंग्रजी, म्हणून ‘ज्ञानोदय’चे १९१७ आणि १९१८ चे अंक पाहणे हेच योग्य. अंक शोधताना मृत्यूनंतरचे दोन-तीन महिने धरावेत, कारण भुसावळहून पत्र जाऊन मजकूर छापून येण्यास वेळ लागत असे.

मात्र शोध केवळ ऑक्टोबर १९१८ पुरता ठेवू नये, असा माझा आग्रह आहे. मानमोडीची मोठी लाट सप्टेंबर-ऑक्टोबर १९१८ मध्ये आली, हे खरे. युद्धकर्जाचा प्रचार मात्र तिच्याही आधीपासून चालला होता. घरातील आठवणीचा मान राखूनच सांगतो, रजिस्टर जानेवारी १९१७ पासून डिसेंबर १९१८ पर्यंत ओळीने वाचावे. साथीच्या आठवड्यांत नोंदी उशिरा, एकदम आणि कधी क्रम सोडून लिहिल्या गेल्या आहेत, म्हणून १९१९ ची पहिली पानेही पाहावीत.

दुसऱ्या मुलाला छापणाऱ्याची चूक समजू नका. कात्रण छापले गेले तेव्हा तो मुलगा होता, आणि आजींना कळू लागले तेव्हा तो नव्हता, असे मानणे मला अधिक योग्य वाटते. त्या दोन वर्षांत एका घरातील बापापाठोपाठ मूल जाणे ही दुर्मीळ गोष्ट नव्हती. म्हणून पणजोबांची ओळ सापडली तरी तेथे थांबू नये. त्याच आडनावाचे किंवा ‘अमक्याचा मुलगा’ असे लिहिलेले लहान मूल पुढच्या पानांवर आहे का ते पाहावे, आणि नगरकडच्या मंडळीच्या रजिस्टरातही १९२५ पर्यंत मुलांची दफने पाहावीत. दोन्ही ठिकाणी नसेल तर नगरकडच्या ज्या शाळेत आजींचे बंधू शिकले, तेथील दाखल-खारीज रजिस्टर काढावे. दोघे भाऊ तेथे दाखल झाले असतील तर धाकट्याचे किंवा थोरल्याचे नाव कोणत्या कारणाने कमी केले, हे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेले असते. पालकाच्या रकान्यात वडिलांऐवजी आईचे किंवा मामाचे नाव दिसले तर त्या दाखल्याच्या तारखेआधी वडील वारले होते, हेही तेथे सिद्ध होते.

मंडळीच्या पाळकांना पत्र लिहिताना ‘माझ्या पूर्वजांची माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. जुनी रजिस्टरे जीर्ण असतात, ती चाळायला पाळकांकडे माणूस नसतो आणि अनोळखी माणसाच्या हाती ती द्यायला त्यांना संकोच वाटतो, तो योग्यही आहे. म्हणून पणजोबांचे नाव सर्व संभाव्य रूपांत, लोको खात्यातील नोकरी, पणजींचे नाव आणि वर ठरवलेला काळ एवढे लिहावे, कात्रणाच्या दोन्ही बाजूंची आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत जोडावी, आणि रजिस्टर पाळकांच्या समोर बसून, त्यांना सोयीच्या दिवशी पाहण्याची परवानगी मागावी. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर पाळकाची सही किंवा मंडळीचा शिक्का उरला असेल तर तो आधी वाचून घ्यावा. आजींचा बाप्तिस्मा भुसावळला झाला असेल, तर ज्या मंडळीत तो झाला तिच्याच पाळकांनी पणजोबांचा दफनविधी केला असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे, आणि मग पत्र एकाच ठिकाणी लिहावे लागेल.

दफनभूमीत पुन्हा जाल तेव्हा दिवाळीनंतर, गवत वाळल्यावर आणि सकाळी लवकर जावे. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरे उठून दिसतात. ऊन पडत नसेल तेथे आरशाने बाजूने उजेड टाकावा आणि दगडावर फक्त स्वच्छ पाणी शिंपडावे. चुना, आम्ल किंवा तारेचा ब्रश कधीही लावू नये. रजिस्टरात कबरीचा किंवा ओळीचा क्रमांक मिळाला, तर शेजारच्या ज्या कबरींवर दगड आहेत त्यांच्या नावांशी आणि दफनाच्या तारखांशी तो ताडून पाहावा. दोन वाचता येणाऱ्या कबरींच्या मधली जागा अशा रीतीने पुष्कळदा निश्चित करता येते. नोंद सापडल्यावर तुमच्या माणसाच्या ओळीबरोबर वरच्या आणि खालच्या निदान दोन ओळी, पानाचा क्रमांक आणि विधी करणाऱ्याची सही यांचाही फोटो घ्यावा. जागा ठरवताना त्या शेजारच्या ओळींचीच गरज लागते, आणि पाळकांना दुसऱ्यांदा रजिस्टर काढायला सांगावे लागत नाही.